निसर्गासाठी कर्जबदल: एका कराराचा अभ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने कसा करावा

परकीय कर्जाचा बोजा काही अंशी हलका करून घ्यायचा आणि त्या बदल्यात समुद्र किंवा जंगल राखण्यासाठी ठरावीक रक्कम ठरावीक वर्षे खर्च करण्याचे वचन द्यायचे, अशा करारांवर प्रबंध आणि टिपणे लिहिणारे बहुतेक जण आता कामाची सुरुवात एआय साधनाला एक प्रश्न विचारून करतात: ‘या करारामुळे देशाचे किती पैसे वाचले आणि निसर्गाला किती मिळाले?’ उत्तर लगेच येते, ठामपणे येते आणि बहुधा चुकीचे असते. चुकीचे मूळ प्रश्नांच्या क्रमात असते. जो प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा तो आपण सर्वांत आधी विचारतो, आणि मग मिळालेल्या उत्तराला आधार शोधत बसतो.

पुढील टप्पे बेलीझ या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाचा नोव्हेंबर २०२१ मधील करार समोर ठेवून लिहिले आहेत. त्याची बहुतेक कागदपत्रे इंग्रजीत आहेत, मुख्य आकडे उघड आहेत, आणि ते आकडे एकमेकांत मिसळण्याची शक्यता इतकी आहे की पद्धत शिकायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. जिथे गरज आहे तिथे इक्वेडोर आणि सेशेल्सचे दाखले दिले आहेत.

१. शब्द आणि प्रश्न आधी बांधून घ्या

मराठीत काम करणाऱ्याला पहिली ठेच शब्दाचीच लागते. ‘कर्जमाफी’ हा शब्द आपल्याकडे सातबारा आणि पीककर्ज यांच्याशी इतका घट्ट जोडला गेला आहे की ‘निसर्गासाठी कर्जमाफी’ असे विचारले, तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत उत्तरात शेतकरी कर्जमाफीच्या योजना डोकावू लागतात. शिवाय तो शब्द अर्थानेही चुकीचा आहे. बेलीझचे कर्ज कोणी उदारपणे माफ केले नाही. रोखेधारकांकडून (म्हणजे सरकारचे बाँड घेऊन त्याला पैसे उसने देणाऱ्यांकडून) ते कमी भावात विकत घेतले गेले आणि त्यासाठी नवे कर्ज काढले गेले. म्हणून ‘कर्जबदल’ हा शब्द वापरावा आणि एआयला द्यायच्या पहिल्याच सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) त्याची व्याख्या दोन वाक्यांत लिहून द्यावी.

त्यानंतर कराराचा प्रकार ठरवावा. एका प्रकारात धनको सरकार स्वतःच आपले येणे सोडते किंवा ते स्थानिक निधीकडे वळवण्यास मान्यता देते. अमेरिकेचा १९९८ चा उष्णकटिबंधीय वनसंवर्धन कायदा या प्रकारचा आहे, आणि त्याच चौकटीत २०२४ मध्ये इंडोनेशियाचे ३५ दशलक्ष डॉलरचे कर्ज प्रवाळसंवर्धनाकडे वळवले गेले. दुसऱ्या प्रकारात बाजारातील रोखे कमी भावात परत खरेदी केले जातात. बेलीझ २०२१ आणि इक्वेडोर २०२३ हे दुसऱ्या प्रकारातले. दोन्ही प्रकारांचे हिशेब निराळे असतात. एआयला प्रकार सांगितला नाही, तर ते एकाचे सूत्र दुसऱ्याला लावते.

आता प्रश्न निवडा. कर्जाचा भार खरोखर किती घटला, संवर्धनाचे वचन पाळले गेले का, आणि समुद्रावर प्रत्यक्ष फरक पडला का, हे तीन स्वतंत्र अभ्यास आहेत. पहिल्याला वित्तीय कागदपत्रे लागतात, दुसऱ्याला निधीचे अहवाल आणि राजपत्रे, तिसऱ्याला उपग्रहचित्रे आणि जहाजांच्या नोंदी. एका प्रबंधात तिन्ही घेणाऱ्यांचे शेवटी एकही नीट होत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

सावधान: नावांची आणि वर्षांची सरमिसळ इथेच थांबवा. इक्वेडोरने मे २०२३ मध्ये गालापागोस बेटांसाठी आणि डिसेंबर २०२४ मध्ये अॅमेझॉनसाठी असे दोन वेगळे करार केले. सेशेल्सचा कर्जबदल २०१६ मध्ये पूर्ण झाला, तर त्याच देशाने २०१८ मध्ये काढलेले १५ दशलक्ष डॉलरचे ‘निळे रोखे’ हा वेगळाच व्यवहार आहे; एआय साधने या दोहोंना सर्रास एक करून टाकतात. म्हणून प्रत्येक सूचनेत देश, महिना आणि वर्ष तिन्ही लिहावेत.

२. कागद उघडण्यापूर्वी रकमांची खतावणी आखा

हा टप्पा वगळला जातो, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच निघतो. कर्जबदलाच्या प्रत्येक करारात किमान पाच वेगवेगळ्या रकमा असतात. तक्त्यात त्यांचे पाच स्वतंत्र स्तंभ आधी आखावेत आणि मगच वाचायला बसावे.

पहिली रक्कम जुन्या कर्जाची दर्शनी किंमत, म्हणजे रोख्यांवर लिहिलेली मूळ रक्कम. बेलीझच्या बाबतीत ती ५५३ दशलक्ष डॉलर होती. २०३४ मध्ये मुदत संपणारे हे रोखे ‘सुपरबाँड’ म्हणून ओळखले जात.

दुसरी रक्कम खरेदीची किंमत. रोखे डॉलरला ५५ सेंट भावाने घेतले गेले, म्हणजे सुमारे ३०४ दशलक्ष डॉलर.

तिसरी रक्कम नव्या कर्जाची. ती ३६४ दशलक्ष डॉलर होती. हे कर्ज द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या माध्यमातून दिले गेले, त्यासाठी रोखे काढण्याचे काम क्रेडिट स्विसने केले, आणि अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास वित्त महामंडळाने राजकीय जोखमीचा विमा दिला.

चौथी रक्कम संवर्धनासाठी दिलेल्या वचनाची. दरवर्षी सुमारे ४ दशलक्ष डॉलर, तेही २०४१ पर्यंत, आणि त्याशिवाय एकदाच बाजूला ठेवलेला २३.५ दशलक्ष डॉलरचा कायम निधी.

पाचवी रक्कम प्रत्यक्ष खर्च झालेल्या पैशांची. ही कोणत्याही घोषणापत्रकात सापडत नाही; ती दरवर्षीच्या अहवालांतून एक-एक ओळ करून गोळा करावी लागते.

हे पाच स्तंभ शेजारी-शेजारी मांडले की जे प्रश्न एरवी सुचत नाहीत ते आपोआप समोर येतात. खरेदीला ३०४ दशलक्ष लागले आणि नवे कर्ज ३६४ दशलक्षांचे काढले. मग मधले ६० दशलक्ष कुठे गेले? त्यातील २३.५ दशलक्ष कायम निधीत गेले, हे चौथ्या स्तंभावरून कळते. उरलेल्या साडेछत्तीस दशलक्षांत देय व्याज किती, रोखे सवलतीच्या भावाने विकल्यामुळे पडलेली तूट किती, विम्याचा आणि मध्यस्थांचा खर्च किती, राखीव रक्कम किती, ही यादी करून प्रत्येक बाबीचा कागद शोधणे हाच अभ्यासाचा कणा ठरतो. ‘किती पैसे वाचले?’ असे विचारणाऱ्याला हा साडेछत्तीस दशलक्षांचा कप्पा दिसतच नाही.

मी स्वतः एका जुन्या टिपणात ‘बेलीझला समुद्रासाठी ३६४ दशलक्ष डॉलर मिळाले’ असे वाक्य लिहून बसलो होतो. एआयने दिलेल्या सारांशात ‘३६४ दशलक्ष डॉलरचा निळा निधी’ असे शब्द होते, आणि ‘निळा’ म्हटल्यावर तो समुद्रासाठीच असणार असे मी गृहीत धरले. त्या पैशांचा मोठा भाग जुन्या रोखेधारकांच्या खिशात गेला होता. निळे, हिरवे ही विशेषणे व्यवहाराच्या नावात असतात; पैसा कुठे गेला हे त्यांवरून कळत नाही.

तपासणी: संवर्धनासाठी ‘एकूण १८० दशलक्ष डॉलर’ हा आकडा तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. वर्षाला ४ दशलक्षांप्रमाणे वीस वर्षांचे ८० दशलक्ष, त्यात २३.५ दशलक्ष मिळवले, तरी बेरीज १०३.५ दशलक्षच होते. उरलेला मोठा हिस्सा कायम निधी गुंतवणुकीतून वाढत जाईल या गृहीतकावर उभा आहे. तुमच्या तक्त्यात वचनाची रक्कम आणि गृहीत वाढ हे दोन निराळे स्तंभ नसतील, तर पुढे जाऊ नका.

३. एकके आणि चलने यांचा नियम लिहून ठेवा

संपूर्ण तक्ता दशलक्ष अमेरिकी डॉलरमध्येच ठेवावा आणि कोटी-अब्जांत रूपांतर फक्त अंतिम मजकुरात, हाताने करावे. ५५३ दशलक्ष म्हणजे ५५.३ कोटी, पण मराठीत उत्तर मागितले की एआय तोच आकडा कधी ‘५५३ कोटी’ म्हणून तर कधी ‘५.५३ अब्ज’ म्हणून देते, आणि दोन्ही वाक्ये सारखीच सफाईदार वाटतात. पाश्चात्त्य पद्धतीचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो आणि आपला हजारानंतर दोन-दोन अंकांवर, त्यामुळे नुसत्या नजरेने ही चूक पकडता येत नाही.

बेलीझच्या सरकारी अंदाजपत्रकात रकमा बेलीझ डॉलरमध्ये असतात आणि दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर हा दर स्थिर आहे. कागदावर दोन्हींचे चिन्ह सारखेच दिसू शकते. संवर्धनावरचा खर्च अचानक दुप्पट झालेला दिसला, तर आनंदित होण्यापूर्वी चलन तपासावे. सेशेल्सचे कागद वाचताना आपल्या वाचकांसाठी आणखी एक सापळा आहे: तिथले चलनही रुपयाच आहे, आणि मराठीत सारांश मागितल्यावर तो भारतीय रुपया समजून रूपांतर केलेले मी पाहिले आहे.

इक्वेडोरचे चलन अमेरिकी डॉलरच आहे, परंतु कागद स्पॅनिशमध्ये आहेत. स्पॅनिश लेखनात हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरण्याची रीत आहे. गालापागोस करारात परत घेतलेल्या रोख्यांची दर्शनी किंमत सुमारे १.६३ अब्ज डॉलर होती. स्पॅनिश कागदात तीच ‘१.६२८ मियोनेस’ अशी दिसते, म्हणजे एक हजार सहाशे अठ्ठावीस दशलक्ष. टिंबाला दशांश समजले, तर दीड अब्जाहून मोठा व्यवहार दीड दशलक्षावर येऊन बसतो. स्पॅनिशमधला ‘बियोन’ही आपला अब्ज नव्हे, तो अब्जाच्या हजारपट आहे.

आणखी एक साधी बाब. तक्त्यात देवनागरी अंक टाईप केल्यास अनेक स्प्रेडशीट त्यांना आकडा न मानता मजकूर मानतात आणि बेरजेत धरत नाहीत. बेरीज कमी येते आणि कोणतीही सूचना दिसत नाही. तक्ता आंतरराष्ट्रीय अंकांत ठेवावा आणि देवनागरी अंक अंतिम लेखात आणावेत.

४. कागदपत्रे जमवा, आणि त्यांची प्रतवारी करा

एआयच्या स्मरणावर विसंबून एकही आकडा घेऊ नये. साधनाला फक्त तुम्ही दिलेल्या कागदांतूनच उत्तर द्यायला लावायचे असेल, तर कागद आधी हाती हवेत. बेलीझसाठी किमान इतके जमवावेत: अर्थमंत्रालयाची निवेदने, संवर्धन-निधीचा करार, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे वार्षिक आढावा अहवाल, विमा देणाऱ्या महामंडळाची प्रकल्प-माहिती, जागतिक बँकेची परकीय कर्जाची आकडेवारी आणि निधी वाटणाऱ्या स्थानिक संस्थेचे वार्षिक अहवाल.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, संस्था आणि कागदाचा प्रकार लिहावा. प्रतवारी तीन पातळ्यांची पुरे: स्वाक्षरी झालेला करार ही पहिली प्रत, त्रयस्थ संस्थेचा आढावा ही दुसरी, आणि व्यवहारात सहभागी असलेल्यांची प्रसिद्धिपत्रके ही तिसरी. एकाच रकमेवर दोन कागदांचे एकमत नसेल, तर वरच्या प्रतीचा आकडा घ्यावा आणि मतभेद टिपेत नोंदवावा. एआयला ही प्रतवारी सांगितली नाही, तर ते ज्या आकड्याची पुनरावृत्ती जास्त तोच खरा धरते, आणि पुनरावृत्ती नेहमी प्रसिद्धिपत्रकांचीच जास्त असते.

स्कॅन केलेल्या पानांवर आधी अक्षरओळख चालवावी आणि तक्त्यांची पाने डोळ्यांनी तपासावीत. ३ चा ८ आणि १ चा ७ होणे नेहमीचे आहे, आणि तक्त्याची एक ओळ घसरली की पुढच्या सगळ्या वर्षांचे आकडे एका वर्षाने सरकतात.

सावधान: मच्छीमारांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या मुलाखती, नावे आणि अप्रकाशित मसुदे सार्वजनिक एआय सेवेत चढवू नयेत. मुलाखतीचा उपयोग करायचाच असेल, तर आधी नावे आणि ठिकाणे काढून टाकावीत.

५. उतारे काढण्यासाठी सूचना कशी लिहावी

या कामात एआयचा खरा उपयोग एकच आहे: शेकडो पानांतून नेमके वाक्य शोधून आणणे. त्याला निवाडा करू देऊ नये, बेरीज करू देऊ नये आणि कागदात जे नाही ते भरून काढू देऊ नये. माझी सूचना साधारण अशी असते:

‘सोबतचा कागद वाच. पुढील पाच बाबींपैकी प्रत्येकीसाठी कागदातील मूळ वाक्य जसेच्या तसे, मूळ भाषेत दे. त्याखाली छापील पानाचा क्रमांक आणि फाइलमधील पानाचा क्रमांक वेगवेगळे दे. रक्कम, चलन आणि एकक तीन निराळ्या रकान्यांत लिही. हे वाक्य वचन सांगते, अंदाज सांगते की झालेला खर्च सांगते ते नोंदव. बाब कागदात नसेल तर “आढळले नाही” एवढेच लिही. कोणतीही बेरीज किंवा रूपांतर करू नकोस. या कागदाबाहेरील माहिती वापरू नकोस.’

या सूचनेतील प्रत्येक वाक्य एकेका चुकीतून आले आहे. मूळ भाषेचा आग्रह यासाठी की भाषांतरित वाक्य कागदात शोधून सापडत नाही. दोन पानक्रमांक यासाठी की मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेमुळे छापील क्रमांक आणि फाइलमधील क्रमांक यांत फरक पडतो, आणि मग बरोबर उतारासुद्धा खोटा वाटतो. ‘आढळले नाही’ ही मोकळीक स्पष्टपणे दिली नाही, तर साधन रिकामा रकाना सहन करत नाही आणि काहीतरी भरतेच.

एका वेळी एकच कागद द्यावा. दहा फाइली एकदम दिल्यावर उत्तर सुसंगत येते खरे, पण ते सुसंगत असते कारण यंत्राने विसंगती परस्पर मिटवलेली असते. आणि आपल्याला नेमक्या त्या विसंगतीच हव्या असतात.

प्रश्नात उत्तर सुचवू नये. ‘बेलीझने ३० टक्के समुद्र संरक्षित केला का?’ असे विचारले तर होकार येण्याकडेच कल असतो. ‘किती टक्के, कोणत्या तारखेपर्यंत, आणि हे वचन आहे की पूर्तता?’ असे विचारावे. करारातील ३० टक्के हे २०२६ पर्यंतचे वचन आहे. ज्या कागदाची तारीख २०२२ आहे त्यात ते पूर्ण झालेले असू शकत नाही, हे यंत्राला आपण सांगावे लागते.

तपासणी: तीच सूचना त्याच कागदावर नव्या संभाषणात दुसऱ्यांदा चालवा. दोन्ही वेळा वेगळे उत्तर आलेल्या ओळी लाल करा. सगळ्या ओळी तंतोतंत जुळल्या, तर त्या बरोबर आहेत असे सिद्ध होत नाही. यंत्र एकच चूक दोनदा करू शकते.

६. हाताने पडताळणी

प्रत्येक उतारा मूळ फाइलमध्ये शोध-सुविधेने तपासावा. वाक्य अक्षरशः सापडले नाही, तर ती ओळ तक्त्यातून काढावी. ‘आशय तोच आहे’ ही सबब चालवून घेऊ नये. रकमांच्या बाबतीत सर्व ओळी तपासाव्यात, मजकुराच्या बाबतीत पाचातील एक पुरे.

पण यावरून फक्त यंत्राने दिलेले खरे आहे का ते कळते. काय सुटले ते कळत नाही. त्यासाठी दोन-तीन कागद एआयच्या मदतीविना, कोरी वही घेऊन स्वतः वाचावेत, आपली यादी करावी आणि मग यंत्राच्या यादीशी ताडून पाहावी. यंत्र हमखास सोडून देते ती जागा म्हणजे तळटीपा आणि परिशिष्टे. आणि कर्जाच्या करारांत दंडाच्या अटी, विमा कोणाला मिळणार आणि वचन मोडल्यास काय, हे बहुधा तिथेच असते. जोडीला दुसरा वाचक मिळाला तर उत्तम. दोघांनी वेगवेगळे वाचून नंतर जुळवावे, शेजारी बसून एकत्र वाचू नये.

७. गणित स्प्रेडशीटमध्ये, आणि तेही काळाचे भान ठेवून

५५३ मधून ३६४ वजा केले की १८९ दशलक्ष येतात, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. ही मुद्दलातील घट आहे. जुने रोखे २०३४ मध्ये संपणार होते आणि नवे कर्ज त्यानंतरही चालू राहते, शिवाय त्याचा व्याजदर टप्प्याटप्प्याने वाढतो. म्हणून दोन्हींच्या हप्त्यांचे वेळापत्रक वर्षागणिक मांडून त्यांचे आजचे मूल्य काढावे, आणि सूट-दर (पुढील वर्षांची रक्कम आजच्या मूल्यात आणण्याचा दर) तीन वेगवेगळे घेऊन उत्तर किती हलते ते पाहावे. एका दराने मोठा फायदा आणि दुसऱ्या दराने किरकोळ फायदा दिसत असेल, तर दोन्ही छापावेत.

नाणेनिधीने या व्यवहारामुळे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे. हा आकडा घेताना भाजक कोणत्या वर्षाचा आहे ते पाहावे. त्याच काळात कोविडनंतर अर्थव्यवस्था सावरत होती आणि भाजक वाढल्यामुळेही कर्जाचे प्रमाण खाली आले. एआयचे सारांश ही सगळी घट कराराच्या खात्यावर जमा करतात.

त्यानंतर ‘करार झाला नसता तर’ हा प्रश्न घ्यावा. रोखे ५५ सेंटला मिळाले, परंतु करार जाहीर होण्यापूर्वी बाजारात त्यांचा भाव किती होता, आणि साध्या पुनर्रचनेत किती सूट मिळाली असती, हे मांडल्याशिवाय ‘फायदा’ हा शब्द वापरू नये. नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सशर्त अनुदान हे अनेकदा कर्जबदलाहून अधिक किफायतशीर ठरते, असा निष्कर्ष आहे. तो मान्य असो वा नसो, तुलनेसाठी अनुदानाचा एक स्तंभ ठेवावाच लागतो.

इक्वेडोरसाठी हीच मांडणी पुन्हा करून पाहावी, म्हणजे तक्ता नीट बांधला आहे की नाही ते कळेल. सुमारे १.६३ अब्जांचे रोखे सुमारे ६४४ दशलक्षांना, म्हणजे चाळीस सेंटच्या आसपास. नवे कर्ज ६५६ दशलक्षांचे. संवर्धनाचे वचन सुमारे ३२३ दशलक्षांचे, साडेअठरा वर्षांत पसरलेले. इथे खरेदी आणि नवे कर्ज यांतील अंतर अवघे १२ दशलक्ष दिसते, बेलीझच्या तुलनेत फारच कमी. हे का, याचे उत्तर तुमच्या तक्त्यातून निघत नसेल, तर एखादा स्तंभ राहिला आहे.

सावधान: आजच्या मूल्याचे गणित संभाषणातच करून मागू नये. सूत्र लिहून घ्यायला हरकत नाही, पण ते स्प्रेडशीटमध्ये चालवावे आणि एका वर्षाचा हप्ता हाताने काढून ताडून पाहावा.

८. समुद्रावर फरक पडला का, हे पाहताना

इथे भाषेचे एआय उपयोगाचे नाही. चित्रे ओळखणारी आणि जहाजांच्या हालचाली वाचणारी प्रारूपे (मॉडेल) लागतात. दोन चुका जवळपास प्रत्येक पहिल्या प्रयत्नात होतात.

पहिली चूक कालक्रमाची. बेलीझच्या समुद्रात तेलशोधावर आलेली बंदी आणि त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या प्रवाळभित्तिकेचे धोक्यातील जागतिक वारसास्थळांच्या यादीतून वगळले गेलेले नाव, या दोन्ही गोष्टी कराराच्या तीन-चार वर्षे आधीच्या आहेत. गालापागोसजवळचे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटरचे हेर्मानदाद सागरी अभयारण्य जानेवारी २०२२ मध्ये घोषित झाले, म्हणजे मे २०२३ च्या कराराआधी. एआयला कराराचे परिणाम विचारले की ही नावे यादीत हमखास येतात. म्हणून प्रत्येक परिणामापुढे त्याची तारीख आणि कराराची तारीख लिहावी. परिणाम आधीचा असेल तर तो परिणाम नव्हे.

दुसरी चूक नोंदींच्या मर्यादेची. ग्लोबल फिशिंग वॉचसारखी व्यासपीठे जहाजांनी प्रसारित केलेल्या संकेतांवरून मासेमारी ओळखतात. हे संकेत पाठवणारे यंत्र मोठ्या जहाजांवर असते. बेलीझमध्ये शंख आणि शेवंडी पकडणारे लोक छोट्या होड्यांतून आणि शिडाच्या गलबतांतून जातात. त्यांच्यापाशी ते बहुधा नसते. कोकणात रात्री पागायला निघालेली होडी जशी त्या नकाशावर उमटणार नाही, तशीच तीही उमटत नाही. नकाशावर ‘मासेमारी शून्य’ दिसली की तो संरक्षणाचा पुरावा मानण्याआधी तिथे कोणत्या होड्या चालतात ते विचारावे. संकेत बंद ठेवून फिरणारी मोठी जहाजे रडार-चित्रांत दिसतात. ती आकडेवारी जोडीला घ्यावी.

खारफुटीचा विस्तार मोजायचा असेल, तर लँडसॅट उपग्रहांच्या तीस मीटरच्या (चित्राचा एक ठिपका तीस मीटरचा) चित्रांनी जुनी वर्षे मिळतात आणि सेंटिनेल-२ उपग्रहांच्या दहा मीटरच्या चित्रांनी २०१५ नंतरची. दोन्हींचे निकाल एकाच आलेखावर जोडू नयेत; चित्र बारीक झाले की खारफुटीच्या अरुंद पट्ट्या नव्याने दिसू लागतात आणि क्षेत्र वाढल्याचा भास होतो. प्रारूपाची परीक्षा घेताना शिकवणीचे आणि परीक्षेचे ठिपके एकाच खाडीतून घेतले, तर अचूकता फुगून येते, कारण शेजारचे ठिपके एकमेकांसारखेच असतात. किनाऱ्याचे तुकडे पाडून काही तुकडे संपूर्ण परीक्षेसाठी राखून ठेवावेत.

तपासणी: संरक्षित पट्ट्याशेजारी तितक्याच खोलीचा, तितक्याच अंतरावरचा असंरक्षित पट्टा निवडून करारापूर्वीचे आणि नंतरचे बदल दोन्हींत मोजा. दोन्हींत सारखाच बदल दिसला, तर त्याचे श्रेय करारास देता येत नाही. ‘संरक्षित’ म्हणजे मासेमारी पूर्ण बंद की नियंत्रित, हेही पट्ट्यागणिक लिहा; नकाशात दोहोंना एकच रंग दिलेला असू शकतो.

९. लिहिताना नोंदवायच्या गोष्टी

पद्धतीच्या प्रकरणात वापरलेल्या साधनाचे नाव, आवृत्ती, वापराची तारीख, सूचनेचा पूर्ण मजकूर, किती ओळी तपासल्या आणि त्यांतल्या किती काढून टाकल्या, हे द्यावे. काढून टाकलेल्या ओळींचा आकडा लपवण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. परीक्षकाच्या दृष्टीने तो तक्त्यातला सर्वांत विश्वासार्ह आकडा असतो.

मजकुरात प्रत्येक रकमेपुढे ती दर्शनी आहे, दिलेली आहे, वचनाची आहे की खर्च झालेली आहे, तो शब्द लिहावा, मग वाक्य थोडे जड झाले तरी चालेल. पाचव्या स्तंभात, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात, काही वर्षे रिकामी राहतील. ती रिकामीच छापावीत, आणि कोणत्या कागदात ती रक्कम असायला हवी होती त्याचे नाव शेजारी लिहावे.

रुपयांतील रूपांतर द्यायचेच असेल, तर विनिमयदराची तारीख कंसात देऊन एकदाच, पहिल्या उल्लेखापाशी द्यावे.